डूलॅली: देवळालीचं नाव इंग्रजीत वेडाला कसं चिकटलं?

अक्षरवेल

मंडळी, इंग्रजीत डूलॅली म्हणून एक शब्द आहे. पुण्यात बऱ्याच जणांना तो बिअरमुळे माहीत असतो कारण २००९ साली त्या नावाची कंपनी इथंच सुरू झाली. पण शब्द त्यांचा नाही, तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे आणि ब्रिटनमध्ये आजही लोक सर्रास वापरतात. एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही, काहीच्या काही वागतोय, की तो डूलॅली झाला म्हणायचं. यंत्रांनाही म्हणतात. आमच्या ऑफिसात लंडनच्या टीमबरोबर कॉल असतात, त्यात प्रिंटर डूलॅली, सर्व्हर डूलॅली हे नेहमीचं. शिवी म्हणून फार कडक नाही, घरातल्या माणसालाही म्हणता येईल इतपत.

तर हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. तेच नाव, फक्त गोऱ्या सैनिकांच्या तोंडात बसलेलं. इंग्रजीत लिहिताना ळ गेला, व चा ओ झाला, त्याचं देओलाली, मग डिओलाली, आणि भराभर बोलताना डूलॅली.

एवढं गूगलवर कुठंही मिळेल. धागा काढायचं कारण वेगळं आहे. जिथंतिथं एका ओळीत लिहिलेलं असतं की देवळालीला ब्रिटिशांचं वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा अर्थ आला. मला ते पटत नाही. हा अर्थ यायला इस्पितळ लागतच नाही, तिथल्या नुसत्या वाट बघण्यानं काम झालेलं आहे, आणि ते कसं झालं हे समजून घेण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवळालीचा कॅम्प १८६१ चा. तो मुक्कामाचा तळ होता. इंग्लंडहून मुंबईला उतरलेले सैनिक घाट चढून इथं यायचे, काही आठवडे कवायती करत हवेची सवय करून घ्यायचे आणि मग देशभर आपापल्या पलटणीत जायचे. आणि उलट बाजूनं, ज्यांची नोकरीची मुदत संपली ते सगळीकडून इथं जमायचे आणि घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघायचे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर तर मुंबई बंदर अगदी हाताशी आलं, आणि तरी मुंबईची दमट हवा आणि रोगराई खाली कोकणात राहिली. जागा चांगलीच निवडली होती.

घोळ बोटींचा होता. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. साधारण ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम, पुढे तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि त्यानंतर इकडचा पावसाळा. म्हणजे बघा, मुदत जानेवारीत संपली तर माणूस सुटला, कुठली ना कुठली बोट मिळाली. पण मार्चची शेवटची बोट गेली आणि हा मागे राहिला, तर एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर सगळे देवळालीत. नोकरी संपलेली, घरी पत्र टाकलेलं की येतोय, आणि माणूस बराकीत.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्सच्या पलटणीतला साधा शिपाई १९०० च्या दशकात हिंदुस्थानात होता, त्यानं १९३६ साली आठवणी छापल्या. त्यात त्यानं लिहिलंय की मुदत संपलेल्यांकडे ना हत्यार ना बाकी लढाईचं सामान. अधूनमधून किट दाखवायचं, कधी एखादी लांबची पायपीट, बाकी दिवस मोकळा. आयुष्यभर ज्यांची चाल चांगली होती असे सैनिक इथं येऊन भानगडीत सापडायचे आणि घरी जाण्याआधी तुरुंगात जायचे. काही जणांना गुप्तरोग व्हायचे आणि इस्पितळ गाठावं लागायचं. विचित्र वागणाऱ्याला डूलॅली टॅप झालाय म्हणायची पद्धत या कॅम्पातल्या कंटाळ्यातूनच आली असावी असं त्याचं मत आहे. तो स्वतः त्या फौजेतला माणूस, म्हणून मला हे मत वजनदार वाटतं.

मूळ शब्द डूलॅली टॅप असा जोडशब्द होता. ते टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे शेपूट गळालं आणि नुसतं डूलॅली राहिलं.

कोणाला आणखी माहिती असेल तर लिहा, खास करून नाशिककडच्या लोकांनी.

लॅमरोड

मी देवळाली कॅम्पची, आता वाकडला असते. धागा बघून एकदम आत काहीतरी झालं म्हणून लिहितेय.

हा शब्द मला इंजिनिअरिंगला असताना कळला, एका सरांनी वर्गात सांगितला आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. तेव्हा फार राग आला होता. आमचं देवळाली म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात चांगल्या हवेचं गाव असं ऐकत मोठी झालेली मी. मुंबईचे पारशी, गुजराती लोक पिढ्यानपिढ्या हवापालटाला येतात, त्यांचे मोठे ओटे असलेले बंगले आहेत, सॅनेटोरियम आहेत. आजारी माणूस बरा होण्यासाठी जिथं आणतात त्या गावाचं नाव वेडासाठी वापरायचं हे मला अजिबात पचलं नव्हतं.

पण वरचं वाट बघण्याचं वाचून एक गोष्ट जुळली. आमच्याकडे उन्हाळा पुण्यासारखाच, सकाळ संध्याकाळ बरी असते पण एप्रिल मे मध्ये दुपारी बाराच्या पुढे खंडोबाच्या टेकडीकडचं माळरान नुसतं पांढरं दिसतं, नजर ठरत नाही. तोफखान्याचा सराव चालू असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि सराव नसेल तेव्हा इतकं सामसूम की लांबून लहवितकडून येणाऱ्या मालगाडीचा आवाज आधीपासून कळतो. आम्हाला ते आवडतं कारण आमचं घर आहे तिथं. ज्याचं घर सात हजार किलोमीटर पलीकडे आहे आणि रोज त्याला मुंबईकडे जाणारी गाडी दिसतेय पण चढता येत नाही त्याला तीच शांतता कशी वाटली असेल. माझा राग तेवढा कमी झाला असं म्हणेन, गेला नाही.

एक सांगते, कॅम्प आजही लष्करीच आहे. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा देवळालीला आली आणि ती अजून आहे. देशातल्या तोफखान्यातला प्रत्येक अधिकारी केव्हा ना केव्हा आमच्याकडे येऊन शिकून जातो. त्यांच्या तोंडी देवळाली हे नाव किती मानाचं असतं ते मी लहानपणापासून बघितलंय.

राहुरीकर

कृपया कोणी गल्लत करू नये, आमची देवळाली प्रवरा वेगळी. ती नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात. दर वेळी कोणीतरी विचारतं की तुमच्याकडे इंग्रजांचा कॅम्प कुठं होता. नव्हता.

लॅमरोड

राहुरीकर, हो बरोबर. आणि नाशिकमध्येसुद्धा दोन आहेत, नाशिक रोडला लागून देवळाली गाव आणि पुढे लॅम रोडनं गेलं की देवळाली कॅम्प. शब्द कॅम्पाचा. कॅम्पाला अगदी चिकटून भगूर, सावरकरांचं गाव. १८८३ मध्ये ते तिथं जन्मले तेव्हा शेजारी हा सगळा गोऱ्या सैनिकांचा राबता चालू होता, हे कधी डोक्यात येत नाही आपल्या.

बाजीरावरोड

टॅपबद्दल थोडं. मी शाळेत संस्कृत शिकवत असे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

इंग्रजी कोश बघितले तर कोणी टॅप संस्कृतातून आला म्हणतं, कोणी फारसीतून आला म्हणतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्हीपैकी एकच खरं असणार. तसं नाही. सैनिक जी मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलत त्यात तप म्हणजे ज्वर, तो फारसी वळणाचा. क्षयाला हिंदीत तपेदिक म्हणतात ना, त्यातलाच तो तप. आणि संस्कृतात तप् धातू, तापणं, त्यातून आपला ताप. फारसी आणि संस्कृत या बहिणी भाषा, दोन्हीकडे मूळ एकच, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातसुद्धा ज्वराचा शब्द याच घराण्यातला आहे. लॅटिनमध्ये हेच मूळ जाऊन इंग्रजीत टेपिड झालं, कोमट या अर्थी. म्हणजे इंग्रजांकडे या घराण्यातला एक शब्द आधीच होता आणि दुसरा त्यांनी देवळालीहून नेला.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८३१ ची पहिली आवृत्ती आणि १८५७ ची दुसरी, ताप म्हणजे उष्णताही आहे आणि ज्वरही. आपण डोक्याला ताप म्हणतो तेव्हा तिसराच अर्थ असतो. कंटाळलेल्या सैनिकाच्या बाबतीत हे तिन्ही एकदम लागू होते, उन्हाचा ताप, मलेरियाचा ताप आणि डोक्याला ताप, त्यामुळे नेमका कोणता म्हणून निवड करत बसू नये असं माझं म्हणणं आहे.

टॅप का गळला याचं कारण मला सरळ दिसतं. ज्याला हिंदुस्थानी येत होती त्याला टॅप म्हणजे ज्वर कळत होता. तो शब्द इंग्लंडला गेल्यावर तिथल्या माणसाला टॅप म्हणजे नळ नाहीतर टकटक. अर्थ लागेना म्हणून सोडून दिला. डूलॅलीचा अर्थही लागत नव्हता, पण तो कानाला गोड लागतो, म्हणून टिकला.

फुलपाखरू_औंध

वा काका! तपेदिकचं माहीतच नव्हतं.

डॉक्टरीण_कर्वेनगर

मी तापाकडे डॉक्टर म्हणून बघते. त्या काळी कॅम्पात मलेरिया होता आणि मलेरियाच्या जोरदार तापात माणूस भ्रमात जातो, बडबडतो, ओळख विसरतो, कधी उठून पळायला लागतो. आपल्याकडे म्हणतात ना, तापात बरळतोय. मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियात तर हे फार वाईट दिसतं आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. डासामुळे मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवलं, म्हणजे देवळालीचा कॅम्प त्याआधी छत्तीस वर्षं चालू होता, तोपर्यंत खराब हवेनं ताप येतो अशीच समजूत होती. क्विनीन मिळायचं, पण जास्त झालं तर त्यानंही कान वाजतात, गरगरतं, गोंधळायला होतं. उन्हाचा झटका, दारू, हे आणखी वर.

त्यामुळे मला अक्षरवेल यांचं नुसत्या कंटाळ्यावरचं बोट अपुरं वाटतं. बराकीत शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री तापात ओरडतोय, सकाळी बरा आहे, दोन दिवसांनी परत तेच. मलेरियाचा ताप असाच येतो, दिवसाआड. बघणाऱ्यांनी त्याला देवळालीचा ताप म्हटलं असेल तर त्यात काही नवल नाही, सुरुवातीला ते अगदी शब्दशः असू शकतं. नंतर ताप नसताना तसं वागणाऱ्यालाही तेच म्हणायला लागले.

अक्षरवेल

डॉक्टरीणबाई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. ताप आणि कंटाळा एकमेकांना छेद देत नाहीत हे मान्य. माझा आग्रह एवढाच की इस्पितळ मध्ये आणू नये. ताप चढलेली बराक आणि सहा महिने न येणारी बोट एवढं पुरेसं आहे.

शंकासुर

एक प्रश्न. कॅम्प १८६१ चा, आणि हा शब्द छापलेला कधी दिसतो? मी बघितलं तर १९२५ साली सैनिक आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश निघाला त्यात डूलॅली टॅप आहे आणि तिथं जुन्या फौजेतला शब्द म्हणून नोंद आहे. म्हणजे साठ पासष्ट वर्षं हा शब्द कुठं होता? एवढी मोठी फट असली की मला नेहमी संशय येतो की गोष्ट नंतर जुळवलेली आहे. हॉबसन-जॉबसन हा कोश तर १८८६ ला आला होता, त्यात अँग्लो-इंडियन शब्दांचा एवढा मोठा साठा आहे, मग तिथं तरी हे बराकीतलं सगळं का भरलेलं नाही?

अक्षरवेल

शंकासुर, प्रश्न अगदी योग्य आहे आणि याच्या उत्तरासाठीच खरं तर मला हा विषय एवढा आवडतो.

इंग्रजीत गेलेले आपले शब्द दोन दरवाज्यांनी गेलेत. एक दरवाजा साहेबांचा. बंगला, व्हरांडा, नबाब, पंडित, हे कलेक्टर, व्यापारी, मिशनरी यांच्या पत्रांतून, अहवालांतून, पुस्तकांतून गेले. हे लोक लिहीत होते त्यामुळे शब्द कागदावर लगेच आले. हॉबसन-जॉबसन लिहिणारे यूल आणि बर्नेल याच वर्गातले, एक बंगाल इंजिनिअर्समधला आणि दुसरा मद्रासकडचा सनदी अधिकारी. त्यांचं काम अफाट आहे, पण त्यांचा कान साहेबाच्या घरात होता.

दुसरा दरवाजा बराकीचा. देखो वरून डेको, म्हणजे जरा बघू दे. खुशीवरून कुशी, म्हणजे आरामाची नोकरी. बक्षीस वरून बक्शी, म्हणजे फुकट. पागल वरून पगल्ड. आणि विलायतीचं झालेलं ब्लायटी, म्हणजे मायदेश. हे साध्या शिपायांचे शब्द. हे लोक पुस्तकं लिहीत नव्हते, त्यांचं बोलणं कोणी टिपत नव्हतं, त्यामुळे तीन तीन पिढ्या शब्द बराकीतच फिरत राहिले, एका पलटणीकडून दुसरीकडे, तोंडातोंडी.

मग १९१४ आलं. युद्ध सुरू झाल्याबरोबर हिंदुस्थानातल्या बहुतेक गोऱ्या पलटणी युरोपात बोलावून घेतल्या आणि त्यांच्या जागी इकडे टेरिटोरियल म्हणजे अर्धवेळ सैनिक पाठवले, त्यात कारकून, दुकानातले पोरगे, शिकाऊ कामगार असे लोक होते. तिकडे फ्रान्सच्या खंदकात हे हिंदुस्थानात मुरलेले जुने शिपाई आणि नवे भरती झालेले लाखो साधे इंग्रज एकत्र राहिले. ब्लायटीचं तर असं झालं की मरणार नाही पण घरी पाठवतील एवढी जखम झाली की तिला ब्लायटी म्हणायला लागले आणि सैनिक ती देवाकडे मागायचे. युद्ध संपल्यावर लोक ही भाषा घेऊन घरोघरी गेले आणि मग कोणाला तरी वाटलं की हे शब्द गोळा करावेत. म्हणून १९२५. आणि म्हणूनच तिथं जुन्या फौजेतला असं मुद्दाम लिहिलंय, कारण सांगणाऱ्यांनाही तो आपल्या आधीचा म्हणून माहीत होता.

फट आहे ती शब्दाच्या वयातली नाही, गरीब माणसाचं बोलणं कागदावर यायला लागणाऱ्या वेळाची आहे.

शंकासुर

हे पटण्यासारखं आहे. टेरिटोरियलचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

येरवडेकर

मला यात आपला पुण्याचा भाग दिसतो. आम्ही येरवड्याचे. पुण्यात कोणी जरा वेगळं वागलं की याला येरवड्याला पाठवा म्हणतात, ते किती सहज म्हणतात हे आम्हालाच माहीत. शाळेत दुसऱ्या भागातली मुलं विचारायची, येरवड्याला राहतोस? भिंतीच्या आत का बाहेर? त्यात आमच्याकडे मनोरुग्णालय आणि जेल दोन्ही, म्हणजे त्यांना दोन जोक मिळायचे. आजही कुठं पत्ता सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सेकंद काहीतरी येतं.

लॅमरोड ताईंचा राग मला शंभर टक्के समजला. फरक एवढाच की आमच्याकडे इस्पितळ खरंच आहे, ब्रिटिश काळापासून आहे. माझी आत्या तिथं नर्स होती, आयुष्यभर. ती सांगायची की नातेवाईक पेशंटला सोडायला येतात तेव्हा रिक्षावाल्याला गेटच्या अलीकडे थांबायला सांगतात, कारण कोणी बघू नये. नावाची भीती आजारापेक्षा मोठी असते. बोलताना सहज फेकलेल्या नावानं हे होतं.

बाजीरावरोड

येरवडेकर, तुमच्या आत्याबाईंना नमस्कार सांगा. इंग्रजीत याचा जुना दाखला आहे, बेडलम. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या मेरीच्या नावानं मठ स्थापन झाला, पुढे तिथं मनोरुग्ण ठेवायला लागले, बेथलेहेमचं बोलण्यात बेडलम झालं आणि आज त्याचा अर्थ नुसता गोंधळ, गदारोळ. तिथं इस्पितळ होतं म्हणून अर्थ आला. माझा अंदाज असा की देवळालीबद्दलची ती इस्पितळाची गोष्ट इथूनच आली, बेडलमचा साचा लोकांच्या डोक्यात तयार होता, देवळाली त्यात बसवली.

अक्षरवेल

काका हे तर सुचलंच नव्हतं! बेडलमवरून देवळालीची गोष्ट, अगदी शक्य आहे.

लंडनवारी

मूळचा कोथरूडचा, आता बरीच वर्षं यूकेत. इथल्या लोकांना शब्द कुठून आला ते बहुतेक माहीत नसतं. वयस्कर लोकांना थोडं माहीत असतं कारण बीबीसीवर १९७४ ते १९८१ एक विनोदी मालिका होती, दुसऱ्या महायुद्धातल्या करमणूक पथकावर, तिची सुरुवात देवळालीत घडते. आता बीबीसी ती मालिका दाखवत नाही, त्यात इंग्रज नटाला रंग फासून हिंदुस्थानी केलेलं आहे, ते आज बघवत नाही.

वापराबद्दल एक निरीक्षण. डूलॅली हा शब्द इथं खऱ्या मानसिक आजारासाठी सहसा वापरत नाहीत, तिथं लोक जपून बोलतात. गडबड, विसराळूपणा, उकाड्यानं किंवा दगदगीनं आलेलं चक्रमपण यासाठी वापरतात. लॉकडाउनमध्ये तर इतका ऐकू आला, घरात बसून बसून मी डूलॅली होणार असं शेजारपाजारचे म्हणायचे. तेव्हा मी आमच्या शेजारच्या आजींना सांगितलं की हा शब्द अगदी याच स्थितीचा आहे, अडकून पडलेल्या माणसांचा. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात होते म्हणाल्या, टेरिटोरियलच असावेत वरच्या माहितीवरून. कुठल्या गावात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

खडकीबाजार

टेरिटोरियलचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या खडकीत होळकर पुलाजवळ, मुळा रोडला युद्ध स्मशानभूमी आहे. तिथल्या कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या, पण आत पहिल्या महायुद्धाचंही एक स्मारक आहे आणि त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत. ही माणसं हिंदुस्थानात मेली, त्यांच्या कबरी ठिकठिकाणच्या छावण्यांच्या आणि गावांच्या जुन्या दफनभूमीत आहेत, तिथं देखभाल होणं शक्य नाही म्हणून सगळ्यांची नावं खडकीला एकत्र कोरली. कोणी तापानं, कोणी पटकीनं गेलेले. मी सकाळी फिरायला त्या बाजूला जातो. गवत कापलेलं, प्रत्येक दगडापुढे फुलझाडं, माळी लोक फार मनापासून काम करतात. दगडांवर वयं वाचा, एकोणीस, बावीस, चोवीस. यांना बोट मिळालीच नाही.

पुण्यात एवढी वर्षं राहून आत न गेलेले खूप जण आहेत. जाऊन या.

फुलपाखरू_औंध

जाणार नक्की. एक विचारते, देवळालीचा शब्द झाला तसा पुण्याच्या नावाचा काही झाला का इंग्रजीत?

खडकीबाजार

बॅडमिंटन! पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी खेळायचे, तेव्हा खेळालाच पूना म्हणायचे. १८७० च्या दशकात इथंच नियम लिहिले गेले. नंतर इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाउसवरून नाव पडलं आणि आपलं गेलं.

लंडनवारी

आणि इथल्या जुन्या विनोदी लिखाणात पूना म्हणजे तापट, लालबुंद चेहऱ्याचा निवृत्त कर्नल, जो प्रत्येक वाक्य मी पूनाला होतो तेव्हा असं सुरू करतो. देवळाली शिपायांची आणि पूना अधिकाऱ्यांचं, शब्दांतसुद्धा हुद्दे पाळलेत.

अक्षरवेल

आणखी एक आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पूना पेंटिंग नावाचा चित्रकलेचा प्रकार लोकप्रिय होता. पातळ कागदावर, मागे काही पार्श्वभूमी न रंगवता, छटा जवळजवळ न देता घट्ट रंगात फुलं आणि पक्षी काढायचे, पौर्वात्य कामाची नक्कल म्हणून. त्याला लागणारा ब्रश तो पूना ब्रश, कागद तो पूना कागद. इंग्रजी कोशांत हे शब्द अजून आहेत. आपल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, मंदिरांत भिंतीवर जी फुलं पक्षी रंगवलेले दिसतात त्यांच्याशी याचं नातं जोडता येईल का हे चित्रकलेतल्या कोणीतरी बघावं असं मला फार वाटतं.

बाजीरावरोड

मुंगूस राहिलं. इंग्रजी मंगूस थेट मराठीतून गेलाय, पोर्तुगीजांच्या वाटेनं, सतराव्या शतकाच्या शेवटापासून इंग्रजीत आहे. हिंदीत नेवला, तेव्हा तिथून जायचा प्रश्नच नाही. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं देवळालीच राहू दे.

लॅमरोड

काका मुंगसाचा धागा तुम्हीच काढा. मी या धाग्याची लिंक आमच्या देवळालीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकतेय, तिथं दोन तीन जण लष्करातून निवृत्त झालेले आहेत, जुन्या बराकींपैकी नेमक्या कुठल्या त्या वाट बघणाऱ्यांच्या होत्या हे त्यांना विचारते आणि कळलं की इथंच लिहिते.